लंकादहनाचा खर्च

आपल्या पडद्यावर हनुमंताने आजवर कितीतरी उड्डाणे केली. त्यांतली तीन या लेखापुरती पुरेत.

पहिले १९१७ सालचे. दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये गणपत शिंदे हनुमान झाले होते आणि अण्णा साळुंके या एकाच नटाने राम व सीता अशा दोन्ही भूमिका केल्या होत्या. तो चित्रपट आज तुटक अवस्थेत उरला आहे. पडद्यावर राम दिसला की प्रेक्षक पायांतल्या वहाणा काढून ठेवीत, असे त्या काळच्या आठवणींत सांगितले जाते. दुसरे उड्डाण २०२३ सालचे, ओम राऊत यांच्या ‘आदिपुरुष’मधले. त्यावर कित्येक शे कोटी रुपये खर्च झाले. २०२२च्या ऑक्टोबरात त्याची पहिली झलक बाहेर आली, तेव्हा त्यातल्या संगणकीय दृश्यांची इतकी टवाळी झाली की जानेवारीतले प्रदर्शन जूनपर्यंत पुढे ढकलून ती दृश्ये पुन्हा हातात घ्यावी लागली. तरीही टवाळी थांबली नाही. तिसरे उड्डाण घोषणेचे. ‘चिरंजीवी हनुमान’ हा चित्रपट कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बळावर निर्माण होणार असल्याचे २०२५च्या ऑगस्टात जाहीर झाले आणि अनुराग कश्यप यांच्यासारख्या दिग्दर्शकाने त्यावर उघड संताप व्यक्त केला.

हातांनी केलेली लंका, शेकडो माणसांनी संगणकावर रंगवलेली लंका, आणि आता यंत्राला शब्दांत सांगून काढून घ्यावयाची लंका, असा हा प्रवास आहे. यांतली तिसरी सर्वांत स्वस्त पडेल, याविषयी कोणी वाद घालीत नाही. वाद आहे तो निराळाच. एक पक्ष म्हणतो, भव्य चित्रपटाचा खर्च आता कोणालाच झेपत नाही. एआयने तो उतरवला नाही तर असले चित्रपट निघणेच बंद होईल. दुसरा पक्ष म्हणतो, खरा पाऊस, खरी आग, खरा मुखवटा, म्हणजे ज्याला हल्ली ‘प्रॅक्टिकल इफेक्ट्स’ म्हणतात ते सोडले की चित्रपटाचा प्राणच गेला. दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घेण्यासारखे आहे. पण दोघांनीही प्रश्न चुकीच्या जागी मांडला आहे, असे मला वाटते.

दुसऱ्या पक्षापासून सुरुवात करू, कारण रसिकांची सहानुभूती सहसा त्याच बाजूला असते. ‘खरे’ आणि ‘खोटे’ या शब्दांनी चित्रपटाची परीक्षा करू गेल्यास पहिला आरोपी फाळकेच ठरतील. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी हा गृहस्थ जादूचे प्रयोग करीत असे. ‘फाळके’ हे आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ हे नाव त्याने घेतले होते. भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्याने पहिल्यांदा काय दाखवले, तर कुंडीतल्या वाटाण्याच्या बीजाचे रोप होताना. रोज थोडी थोडी चित्रे घ्यायची आणि महिन्याभराची वाढ क्षणात दाखवायची. रोप खरे होते, पण त्याची वाढ आपण पाहिली ती तशी कधीच झाली नव्हती. आपला चित्रपट अशा एका हिकमतीतून जन्मला आहे. तेव्हा हिकमत करणे हा अपराध नव्हे.

काटकसर हाही अपराध नव्हे. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली लोकांपुढे आला तो सरस्वतीबाईंच्या दागिन्यांवर कर्ज काढून. साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांनी केला, रात्री जागून कोऱ्या फिल्मला भोके पाडली, उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडला. तारामतीच्या कामासाठी बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे साळुंके तारामती झाले. पुढे कोल्हापुरात बाबुराव पेंटरांना परदेशी कॅमेरा परवडेना, म्हणून त्यांनी स्वतःच कॅमेरा बांधला. मराठी चित्रपटाचे पहिले पर्व हे काटकसरीचेच पर्व आहे. पण ती काटकसर करणाऱ्याच्या स्वतःच्या अंगावर पडत होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पैसा वाचला तो सरस्वतीबाईंच्या झोपेतून. दुसऱ्या कोणाच्या ताटातला घास काढून तो वाचवलेला नव्हता.

आता कलेच्या अंगाने पाहू. १९१९ सालच्या ‘कालियामर्दन’चा प्रारंभ आजही पाहता येतो. फाळक्यांची कन्या मंदाकिनी त्यात कृष्ण झाली आहे. पण कृष्ण दिसण्याआधी फाळके आपल्याला साध्या पोशाखातली लहान मुलगी दाखवतात. ती हसते, रुसते, रागावते, घाबरते. हे सारे पाहून झाल्यावर मग तिचा कृष्ण होतो. पुढे डोहात कालियाशी झुंज आहे, पाण्याखालचे दृश्य आहे, नागाच्या फण्यावरचे नृत्य आहे. नाग बनावट आहे हे लहान मूलही ओळखील. तरीही आपण रमतो, कारण त्या बनावट नागाशी झुंजणाऱ्या मुलीची आणि आपली आधीच ओळख करून दिलेली आहे. जादूगाराने आपली पेटी उघडून दाखवावी आणि तरी खेळ रंगावा, असा हा प्रकार. चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारी एक लहानशी फिल्मही याच गृहस्थाने काढली. प्रेक्षकाला फसवून मिळणाऱ्या यशावर त्यांची भिस्त नव्हती.

याचे याहून मोठे उदाहरण म्हणजे प्रभातचा ‘संत तुकाराम’. १९३६ साली दामले-फत्तेलाल यांनी तो केला, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्याच्या शेवटी वैकुंठगमन आहे. गरुडाच्या विमानात बसून तुकाराम आकाशात जातात. आजच्या डोळ्यांना तो गरुड अगदीच बाळबोध वाटतो. एखाद्या चतुर मुलाला आज घरच्या संगणकावर त्याहून दिमाखदार गरुड अर्ध्या तासात मिळेल. तरी त्या दृश्याशी आपला कंठ दाटून येतो, तो का? माझ्या मते त्याचे कारण आकाशात नाही, जमिनीवर आहे. तुकाराम बोलावीत असताना जिजाई जात नाही. तिला मुले आहेत, घर आहे. सबंध चित्रपटभर ती आपल्यासमोर चूल, मुले आणि उपास यांच्याशी झगडत आली आहे. पोर आजारी पडल्यावर वहाण हातात घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात शिरली आहे. गौरीबाईंनी उभी केलेली ही बाई इतकी भरीव आहे की तिच्या डोक्यावरून जाणारे कुठलेही विमान खरे वाटू लागते. विष्णुपंत पागनीसांचा चेहरा आणि गौरीबाईंचे पाय, यांच्या आधारावर तो पुठ्ठ्याचा गरुड उडतो.

यातून मला एक कसोटी सुचते. प्रत्येक चमत्कारपटात एक गरुड असतो आणि एक जिजाई असते. गरुड म्हणजे जे दाखवायचे ते अद्भुत. जिजाई म्हणजे ज्याच्या डोळ्यांनी, ज्याच्या संसारातून आपण ते पाहतो ते माणूस. एआयने गरुड स्वस्त झाला, तर त्यात हळहळण्यासारखे फारसे नाही. पण त्यातून वाचलेला पैसा जिजाईवर खर्च होतो की तिच्याही जागी यंत्र बसवले जाते, हा खरा प्रश्न आहे. ‘आदिपुरुष’ फसला तो संगणक वापरला म्हणून नव्हे, आणि खर्च कमी पडला म्हणून तर मुळीच नव्हे. त्यात गरुडच गरुड होते, आणि खाली उभे राहून वर पाहणारे कोणी नव्हते.

याचा अर्थ प्रत्यक्ष वस्तूला काहीच किंमत नाही, असा मात्र कोणी घेऊ नये. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ची गोष्ट सर्वश्रुत आहे. नारायण धारपांच्या कथेचा संस्कार असलेला हा चित्रपट २०१२ साली चित्रित होऊ लागला आणि २०१८च्या ऑक्टोबरात प्रदर्शित झाला. मधल्या काळात त्याने खऱ्या पावसासाठी एकामागून एक पावसाळे काढले. नळ्यांतून पाडलेला पाऊस सरळ रेषेत आणि उजेडात पडतो; महाराष्ट्रातला आषाढ-श्रावणाचा पाऊस आभाळ खाली आणतो, भिंतींना बुरा आणतो, माणसांच्या चालण्यात ओझे आणतो. ते ओझे ‘तुंबाड’च्या प्रत्येक चौकटीत आहे. वस्तू ऐकत नाही, अडवते, आपल्याला हवे त्याहून वेगळेच काही देते आणि कलावंताला त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते. या अडवणुकीतून जे मिळते ते आधी कोणाच्याही मनात नसते. एआय असे अडवीत नाही. त्याला सांगावे ते मिळते, आणि जे सांगितलेले नसते ते त्याने पूर्वी पाहिलेल्या लाखो चित्रांच्या सरासरीतून भरले जाते. पाऊस सांगितला तर पाऊस मिळेल. पण तो कुठल्याच गावचा नसेल.

सोलापूरकरांना ही गोष्ट विशेष समजावून सांगण्याची गरज नाही. दर जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत होम मैदानावर शोभेचे दारूकाम होते. आकाशातल्या रंगांइतकीच त्याची गंमत धुराच्या वासात, छातीत बसणाऱ्या आवाजात आणि ‘हे फसेल की काय’ या शंकेत असते. मोबाईलवर त्याचे चित्रण पुन्हा पाहावे, तर रंग सारे तेच. शंका तेवढी निघून गेलेली असते. यंत्राने काढलेल्या भव्य दृश्यातही नेमकी ही शंका नसते.

पण सोलापूर या वादात येते ते दारूकामापेक्षा मोठ्या कारणाने. ज्या चादरीने या गावाचे नाव देशभर केले, ती जकार्ड मागावर विणली जाते. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेने कुठला धागा उचलायचा हे मागाला सांगायचे, ही जोसेफ मारी जकार्ड या फ्रेंच माणसाची १८०४ सालची युक्ती. तीच भोके पाडलेली पत्रे पुढे चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यात घेतली, आणि त्या वंशावळीत आजचा संगणक येतो. म्हणजे ज्या यंत्राची आज चित्रपटसृष्टीला धास्ती वाटते, त्याचा पणजोबा आमच्या गावात कित्येक वर्षे खडखडत आहे! तेव्हा यंत्र आले की काय होते, हे आम्हांला पुस्तकातून वाचावे लागत नाही. हातमागाचे यंत्रमाग झाले. कापड स्वस्त झाले, चादर घरोघरी गेली, ही गोष्ट चांगलीच झाली. पण वाचलेल्या श्रमाचा मोबदला विणकराच्या घरी कितीसा गेला, हे पूर्व भागातल्या गल्ल्यांतून फिरणाऱ्यास दिसते. जुनी गिरण, विष्णू, लक्ष्मी, नरसिंग गिरजी या गिरण्या बंद पडल्या. पुढे बाहेरगावी विणलेली हलकी चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकली जाऊ लागली, आणि नाव राखण्यासाठी भौगोलिक मानांकन घ्यावे लागले. स्वस्ताई आली की तिच्यामागून नक्कल येते, आणि नकलेच्या धक्क्यात प्रथम सापडतो तो अस्सल माल करणारा कारागीर.

चित्रपटाच्या कारागिरांचे याहून वेगळे झालेले नाही. आणि त्याला एआयची वाटही पाहावी लागली नाही. ‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ जिने घडवला ती ऱ्हिदम अँड ह्यूज ही संस्था २०१३च्या फेब्रुवारीत दिवाळखोरीत गेली. हिची कार्यालये मुंबई आणि हैदराबाद येथेही होती. त्यानंतर काही दिवसांतच त्या वाघासाठी तिला ऑस्कर मिळाले; आणि स्वीकाराच्या भाषणात संस्थेच्या अडचणींचा उल्लेख येताच वाद्यवृंद वाजवून वक्त्याला गप्प करण्यात आले. हे दृश्य विसरता येत नाही. चित्रपट भरभराटीला आला आणि वाघ करणारे रस्त्यावर आले, तर ‘खर्च फार होतो’ या तक्रारीतला खर्च कोणावर होत होता, असे विचारावेसे वाटते.

पहिल्या पक्षाचे म्हणणे आता याच प्रकाशात पाहिले पाहिजे. जेम्स कॅमेरॉन २०२५ साली म्हणाले की भव्य चित्रपट टिकायचे तर दृश्यकरामतींचा खर्च निम्म्यावर आला पाहिजे. मात्र त्यासाठी निम्मी माणसे काढायची नसून तीच माणसे दुप्पट वेगाने काम करतील, असे त्यांनी बजावले. त्याच वर्षी नेटफ्लिक्सने सांगितले की ‘एल एतेर्नाउता’ या अर्जेंटिनातल्या मालिकेतले इमारत कोसळण्याचे दृश्य एआयच्या मदतीने दहापट लवकर झाले, आणि एरवी ते त्या मालिकेच्या ऐपतीबाहेर होते. हा दुसरा मुद्दा मला मान्य आहे. जे परवडतच नव्हते ते परवडू लागले, तर कोणाचा घास गेला नाही. कॅमेरॉन यांचा हेतूही प्रामाणिक मानायला हरकत नाही. पण दुप्पट वेगाने काम करणाऱ्या दहा जणांपैकी पाच जणांना घरी पाठवावे, हा मोह मालकाला होत नाही, असे मानायला मात्र आम्हां गिरणगावच्या लोकांचे मन धजत नाही. २०२३ साली अमेरिकेतल्या नटांनी ११८ दिवस संप केला, त्यात एक प्रमुख मुद्दा हाच होता की आपल्या चेहऱ्याची आणि अंगाची प्रतिकृती एकदा घेऊन ती आपल्या संमतीवाचून, मोबदल्यावाचून वापरली जाऊ नये.

काटकसर दोन्ही प्रकारे करता येते, याला अलीकडचे पुरावे आहेत. जपानच्या ‘गॉडझिला मायनस वन’मधली ६१० करामतींची दृश्ये अवघ्या ३५ जणांनी केली आणि २०२४ साली ऑस्कर मिळवले. ताकाशी यामाझाकी हे त्याचे दिग्दर्शकही होते आणि करामतींचे प्रमुखही. काय हवे हे ठरवणारा माणूस करणाऱ्यांच्या शेजारी बसला, आणि केलेले टाकून पुन्हा करण्याचा खर्च वाचला. त्यात राक्षसाइतकेच महत्त्व उद्ध्वस्त टोकियोतल्या एका पत्र्याच्या खोपटाला आहे. म्हणजे तेथेही जिजाई आहे.

पण एवढ्या लांब कशाला जावे? सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा २०१६ सालचा ‘सैराट’ घ्या. मराठी चित्रपटाच्या उत्पन्नाचे सारे उच्चांक त्याने मोडले. त्यात पैसा कोठे वाचवला आणि कोठे खर्च केला, हे पाहण्यासारखे आहे. नामवंत नटांवरचा खर्च वाचवला. अकलूजची रिंकू राजगुरू आणि करमाळ्याचा आकाश ठोसर ही कोरी मुले घेतली. करमाळ्याचा परिसर होता तसाच घेतला. आणि संगीतासाठी, जेथे एखाद्या की-बोर्डमधून शंभर व्हायोलिनांचा आवाज चुटकीसरशी काढता आला असता तेथे, अजय-अतुल लॉस एंजेलिसला गेले आणि सोनीच्या ध्वनिमुद्रणगृहात जिवंत वाद्यवृंद बसवून वाजवून घेतले. हिशेबनिसाला हा वेडेपणा वाटला असता. पण करमाळ्याच्या शेतातून पळणाऱ्या मुलाच्या मनात जे उसळत होते, त्याला साठवलेले, घासून गुळगुळीत झालेले स्वर पुरले नसते. तेथे माणसांच्या श्वासांचा लहानसा कमीअधिकपणा हवा होता. कोठे हात आखडावा आणि कोठे सैल सोडावा, हे ज्याला कळते तो निर्माता. एआयला हे ठरवता येत नाही. ते ठरवण्याचे काम अजून आपलेच आहे.

आता यातला सर्वांत गंभीर धोका सांगतो. त्याचा संबंध नव्या चित्रपटांपेक्षा जुन्यांशी आहे. २०१३ सालचा ‘रांझणा’ २०२५च्या ऑगस्टात तमिळमध्ये पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा एआयच्या साहाय्याने त्याचा शेवट बदलून मरणाऱ्या नायकाला जिवंत ठेवण्यात आले. दिग्दर्शक आनंद राय आणि नट धनुष यांनी विरोध केला. तो मानला गेला नाही. खर्च थोडा, आनंद सर्वांना, असा हा हिशेब. हाच हिशेब ‘सैराट’ला लावून पाहावा. त्याच्या शेवटी आवाज सारे नाहीसे होतात, आणि एक लहान मूल रडत घराबाहेर येते. त्याच्या पावलांचे रक्ताचे ठसे जमिनीवर उमटतात. त्या ठशांना कुठलीही मोठी करामत लागलेली नाही. ते पुसून टाकायला तर आता त्याहूनही कमी खर्च येईल. मुलाला हसवता येईल, आई दारात उभी करता येईल. मग या जिल्ह्यातल्या मुलींवर काय ओढवते, हे सांगणारा एक साक्षीदार कायमचा फितूर झाला असे समजावे. भव्य चित्रपट महाग आहेत, ही अडचण आहे. पण सत्य बदलून घेणे इतके स्वस्त होणे, ही आपत्ती आहे.

आणि तरीसुद्धा या यंत्राकडे पाठ फिरवा, असे मी सांगणार नाही. विजापूर रस्त्याच्या अंगाने वाढत गेलेल्या जुळे सोलापुरात आज असे तरुण आहेत की ज्यांच्याकडे सांगण्यासारखी गोष्ट आहे, मोबाईल आहे, आणि मुंबईच्या स्टुडिओचे दार मात्र बंद आहे. त्यांतल्या एखाद्याला आपल्या आजोबांची गिरणी पुन्हा भोंगा देताना दाखवायची असेल, मार्शल लॉच्या दिवसांतले १९३० सालचे सोलापूर उभे करायचे असेल, तर आजवर त्याने ते स्वप्नातच पाहायचे होते. एआयने त्याला ती गिरणी मिळाली, तर फाळक्यांच्या वाटाण्याच्या रोपाइतकीच ती हिकमत मी सन्मान्य मानीन. मात्र त्या गिरणीच्या फाटकातून बाहेर पडणारा कामगार त्याने यंत्राकडून घेऊ नये. तो शेजारच्या गल्लीत आहे, त्याला बोलवावे, त्याला कॅमेऱ्यासमोर उभे करावे आणि त्याची रोजी द्यावी.

आमच्या या वसाहतीला ‘जुळे’ हे नाव कोणी दिले असेल त्याला भाषेची चांगली जाण असली पाहिजे. जुळे म्हणजे नक्कल नव्हे. जुळ्याला त्याच आईचे रक्त असते, पण त्याची भूक, त्याचे दुखणे आणि त्याचे आयुष्य वेगळे असते. चित्रपटही आयुष्याचे असे जुळे असावे. फाळक्यांनी कमी पैशांत लंका जाळली, कारण तिच्यासमोर उभा असलेला माणूस त्यांनी आधी नीट पाहिला होता. यापुढे लंका आणखी स्वस्तात जळेल. ती खुशाल जळू द्यावी. वाचलेल्या रकमेतून आधी त्या माणसाचे देणे चुकते करावे.